धागा: ‘काल पाठवलं आहे’ याचं इंग्रजी ‘हॅव सेंट’ की ‘सेंट’?

ऐरोली_आठ

नमस्कार मंडळी. ऐरोलीत एका सपोर्ट डेस्कवर नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी प्रेझेंट परफेक्ट आणि सिंपल पास्ट यांवर एक पानी टिपण करायचं आहे. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, ग्राहक ब्रिटन आणि अमेरिकेतले. मेलमध्ये वारंवार दिसणारी पाच वाक्यं खाली देतो. यातली कुठली चुकीची आणि का, हे जाणकारांनी सांगावं.

१. आय हॅव सेंट द इन्व्हॉइस येस्टर्डे.
२. आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१६.
३. वुई हॅड शिप्ड युअर ऑर्डर ऑन मंडे.
४. आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स २०१९.
५. व्हेन हॅव यू रिसीव्ह्ड द पार्सल?

शाळेतला ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण त्यावरून यातलं एकही वाक्य सुटत नाही.

नौपाडा_मास्तर

पाचही चूक. शब्द, स्पेलिंग, क्रम सगळं ठीक आहे, फक्त काळ चुकलाय. आणि पाचही वाक्यांखाली अस्सल, निर्दोष मराठी वाक्य आहे. म्हणून मुलांना त्यात काही खटकत नाही.

‘मी काल इन्व्हॉइस पाठवलं आहे.’ यात काहीही वावगं नाही. मराठीत ‘आहे’ आणि ‘काल’ एका वाक्यात सुखाने नांदतात. ‘मी २०१६ ला बी.कॉम. केलं आहे’ हेही आपण रोज बोलतो. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ लावलं की वाक्य आजच्या क्षणाशी बांधलं जातं आणि ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१६’, ‘टू डेज अगो’ असा संपलेला काळ त्याच वाक्यात बसत नाही. ‘आहे दिसलं की हॅव’ असं शब्दाला शब्द लावून शिकवतात, तिथेच चूक रुजते.

मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: केव्हा? त्याचं उत्तर वाक्यात लिहिलेलं असेल, किंवा लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांना ठाऊक असेल, तर सिंपल पास्ट. ‘केव्हा’ला महत्त्व नाही, आज हातात काय आहे तेवढंच सांगायचंय, तर प्रेझेंट परफेक्ट.

१. आय सेंट द इन्व्हॉइस येस्टर्डे. किंवा ‘येस्टर्डे’ काढून, आय हॅव सेंट द इन्व्हॉइस.
२. आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१६.
३. वुई शिप्ड युअर ऑर्डर ऑन मंडे.
४. आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९.
५. व्हेन डिड यू रिसीव्ह द पार्सल?

पाचवं तर चाचणीतूनच निघतं. ‘व्हेन’ने प्रश्न सुरू केला की तुम्ही ‘केव्हा’च विचारताय, मग ‘हॅव’ येणार कुठून? ‘हॅव यू रिसीव्ह्ड द पार्सल?’ हे बरोबर, कारण तिथे फक्त मिळालं की नाही एवढाच सवाल आहे.

‘नुकतीच पूर्ण झालेली’ हा नियम टिपणातून काढूनच टाका. ‘ही लेफ्ट टू मिनिट्स अगो’ ही दोन मिनिटांपूर्वीची गोष्ट, तरी सिंपल पास्ट. ‘आय हॅव सीन द ताजमहाल’ ही वीस वर्षांपूर्वीची असू शकते, तरी परफेक्ट. किती वेळ झाला याचा इथे संबंधच नाही.

पामबीच_सकाळ

मास्तरांना अनुमोदन. फक्त एक शंका. इंग्रजी बातम्यांत ‘हॅज इनॉग्युरेटेड’, ‘हॅज अनाउन्स्ड’ सर्रास असतं. तिथे तर दिवस सगळ्यांना ठाऊक असतो.

कोपरी_पूल

बातमीची रीत अशी की पहिल्या वाक्यात घटना आजच्या वाचकापुढे ठेवायची, म्हणून परफेक्ट, आणि दुसऱ्या वाक्यापासून तपशील, म्हणून सिंपल पास्ट. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. त्या दिवशीच्या बातमीत ‘द प्राइम मिनिस्टर हॅज इनॉग्युरेटेड द सी ब्रिज’ असं पहिलं वाक्य चालेल. पण त्यातच ‘ऑन फ्रायडे’ घातलं की लगेच ‘इनॉग्युरेटेड’ करावं लागेल.

आज त्याच पुलाबद्दल लिहायचं तर दोन्ही काळ लागतात. ‘द ब्रिज ओपन्ड इन जॅन्युअरी २०२४’ हा इतिहास झाला. ‘इट हॅज कट द ट्रिप फ्रॉम शिवडी टू न्हावा’ हा परिणाम आजही चालू आहे. पूल तोच, पण पहिलं वाक्य तारखेबद्दल आहे, दुसरं आजच्या प्रवासाबद्दल.

मेललाही हीच रीत लावा. पहिल्या ओळीत ग्राहकाला हवी असलेली आजची स्थिती परफेक्टमध्ये, मग कुणी, केव्हा, कसं केलं ते सिंपल पास्टमध्ये. ‘वुई हॅव फिक्स्ड द प्रॉब्लेम. अवर इंजिनिअर रिप्लेस्ड द केबल ऑन ट्यूजडे अँड टेस्टेड द लाइन.’ दुसऱ्या वाक्यातही ‘हॅज रिप्लेस्ड’ लिहिणारे खूप. एकदा ‘हॅव’ने सुरुवात केली म्हणून सगळी मेल त्याच काळात ओढायची नसते.

वाशी_खाडीपूल

तिसऱ्या वाक्यातल्या ‘हॅड’वर थोडं विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडच्या मेलमध्ये ‘हॅव’पेक्षाही ‘हॅड’ जास्त छळतो.

मराठीत ‘मी सोमवारी फोन केला होता’ हे अगदी रोजचं वाक्य. इथे ‘होता’ म्हणजे ती गोष्ट होऊन गेली, आता थोडी मागे पडली. त्यासाठी दुसऱ्या कुठल्या घटनेची गरज नसते. इंग्रजी ‘हॅड’ला ती गरज असते. ‘आय हॅड कॉल्ड यू ऑन मंडे’ असं वाचल्यावर इंग्रज वाचक थांबतो: कशाच्या आधी? भूतकाळातला दुसरा कुठला क्षण? तो पुढे आलाच नाही, तर वाक्य अर्धवट वाटतं. कधी कधी त्यात तक्रारीचा सूरही ऐकू येतो, म्हणजे मी तर फोन केला होता, तुम्हीच काही केलं नाहीत.

‘हॅड’ लागतो तो असा: ‘व्हेन द टेक्निशियन अराइव्ह्ड, द कस्टमर हॅड लेफ्ट.’ दोन घटना, दोन्ही भूतकाळात, त्यातली आधीची दाखवायची आहे. ‘हॅड’ काढून ‘द कस्टमर लेफ्ट’ लिहिलं तर अर्थच बदलतो. तंत्रज्ञ आला आणि ग्राहक निघाला, असं होतं.

टिपणात थेट लिहा: मराठीत मनात ‘केला होता’ आलं तर आधी साधं ‘कॉल्ड’ लिहून बघा. दहापैकी नऊ वेळा तेच हवं असतं.

ऐरोली_आठ

वाशीताई, तक्रारीच्या सुराचा मुद्दा फार मोलाचा. आमच्याकडे एक मजकूर फिरत असतो, तो तसाच टाकतो: ‘वुई हॅव रिसीव्ह्ड युअर कम्प्लेंट ऑन थर्ड जून. वुई हॅड चेक्ड युअर अकाउंट. द पेमेंट इज फेल्ड. वुई हॅव रिफंडेड द अमाउंट येस्टर्डे.’ हा कसा दुरुस्त करावा?

वाशी_खाडीपूल

‘थँक यू फॉर युअर मेल ऑफ थर्ड जून. वुई चेक्ड युअर अकाउंट द सेम डे अँड फाउंड दॅट द पेमेंट हॅड फेल्ड. वुई हॅव नाउ रिफंडेड द अमाउंट. इट लेफ्ट अवर बँक येस्टर्डे.’

‘हॅड फेल्ड’ इथे जागेवर आहे, कारण पेमेंट फसलं ते तपासणीच्या आधी. ‘हॅव नाउ रिफंडेड’ ही आजची स्थिती, ग्राहकाला सगळ्यात आधी हीच हवी असते. ‘लेफ्ट’बरोबर ‘येस्टर्डे’ आहे म्हणून सिंपल पास्ट. ‘इज फेल्ड’ हा प्रकार ‘फेल झालं आहे’वरून आलाय, तो शोधून शोधून काढा. पहिल्या वाक्यातली तारीख नामाकडे वळवली, त्यामुळे क्रियापदाचा प्रश्नच उरला नाही. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते.

कळवा_स्लो

‘टुडे’ आणि ‘धिस मॉर्निंग’ला काय लावायचं?

नौपाडा_मास्तर

तो कालखंड अजून चालू आहे का ते बघायचं. सकाळी अकराला ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ बरोबर, सकाळ संपलेली नाही, तिसरा फोनही होऊ शकतो. दुपारी चारला तेच वाक्य ‘आय कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ होतं. ‘धिस वीक’, ‘धिस मंथ’, ‘धिस इयर’ यांनाही हेच. ‘टुडे’ दोन्हीकडे जातं: दिवसभराचा हिशेब द्यायचा तर ‘वुई हॅव क्लोज्ड ट्वेल्व्ह टिकेट्स टुडे’, आणि अमुक एका वेळची गोष्ट सांगायची तर ‘आय मेट हर टुडे’.

ऐरोलीकरांसाठी यात एक खाचखळगा आहे. तुमच्याकडे दुपारचे चार वाजलेले असताना लंडनमध्ये हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. तुमची सकाळ संपली, ग्राहकाची चालू आहे. अशा मेलमध्ये ‘धिस मॉर्निंग’ टाळून घड्याळाची वेळ आणि सिंपल पास्ट वापरा: ‘आय कॉल्ड यू अ‍ॅट नाइन युअर टाइम.’ काळही अचूक, वेळही अचूक.

घणसोली_ग

अमेरिकन ग्राहक ‘डिड यू गेट माय मेल यट?’, ‘आय ऑलरेडी सेंट इट’ असं लिहितात. मग आपण ‘हॅव’चा एवढा आग्रह का धरायचा?

कोपरी_पूल

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ या तीन शब्दांबरोबर अमेरिकन इंग्रजीत सिंपल पास्ट सर्रास चालतो. ब्रिटिशांना तिथे ‘हॅव’ अपेक्षित असतं: ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट.’ अमेरिकनांनाही हे चुकीचं वाटत नाही. म्हणजे ‘हॅव’ लिहिलं तर दोन्हीकडे निभतं, आणि टिपणात एकच रूप द्यायचं तर हेच द्या. ‘हॅव … येस्टर्डे’ मात्र दोघांनाही खटकतं. अमेरिकन सवलत नेमकी उलट्या दिशेची आहे, त्यामुळे आपल्या चुकीला ती वाचवत नाही.

नौपाडा_मास्तर

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ राहिलेत. चौथं वाक्य सगळ्यात चिवट, म्हणून जरा सविस्तर.

‘मी २०१९ पासून इथे काम करतोय.’ मराठीत क्रियापद निव्वळ वर्तमानकाळाचं, कारण काम आजही चालू आहे. इंग्रजीला तेवढं पुरत नाही. मागे सुरू होऊन आजपर्यंत पोचलेल्या कामाला तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. ‘आय अ‍ॅम वर्किंग’ फक्त सध्याचं सांगतं, ते मागे पोचतच नाही, म्हणून त्याच्याशी ‘सिन्स’ जुळत नाही.

दुसरा घोळ ‘पासून’चा. आपण ‘२०१९ पासून’ही म्हणतो आणि ‘सहा वर्षांपासून’ही. इंग्रजीत याचे दोन वाटे होतात. सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स सिक्स इयर्स’ ही चूक इथूनच येते.

ठाण्याचंच उदाहरण घ्या. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली. ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रीच्ड ठाणे इन १८५३’, सिंपल पास्ट, एकदा घडलं आणि संपलं. ‘ट्रेन्स हॅव रन टू ठाणे सिन्स १८५३’, परफेक्ट, गाड्या आजही धावताहेत. साल दोन्हीकडे तेच, म्हणजे नुसतं साल दिसलं म्हणून काळ ठरत नाही. ‘इन’ त्याला मागे सोडतो, ‘सिन्स’ आजपर्यंत ओढत आणतो.

‘फॉर’ मात्र दोन्ही काळांबरोबर जातो, आणि इथे सीव्हीत नुकसान होतं. ‘आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स’ म्हणजे ते काम आता सोडलं. ‘आय हॅव वर्क्ड इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स’ म्हणजे बहुधा अजून तिथेच. चालू नोकरी सिंपल पास्टमध्ये लिहिली की वाचणारा समजतो, उमेदवार सध्या रिकामा आहे. उलट ‘आय हॅव वर्क्ड फ्रॉम २०१८ टू २०२१’ लिहिलं की तारखा एक सांगतात आणि क्रियापद दुसरं. तिथे ‘वर्क्ड’च.

आणि ‘नो’, ‘ओन’, ‘बिलाँग’ अशी स्थितिवाचक क्रियापदं ‘बीन नोइंग’ होत नाहीत. ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स.’

मुंब्रा_बायपास

‘सिन्स’च्या मागे वाक्य आलं तर?

नौपाडा_मास्तर

‘सिन्स’नंतरचं वाक्य सिंपल पास्ट, मुख्य वाक्य परफेक्ट. ‘आय हॅव हँडल्ड थ्री क्लायंट्स सिन्स आय जॉइन्ड.’ दोन्हीकडे ‘हॅव’ नको.

सानपाडा_रेघ

एक बाजू अजून आली नाही. मराठीतलं ‘आला, गेला, झालं’ हे रूप दरवेळी इंग्रजी भूतकाळच नसतं.

ठाणे स्टेशनवर जिना उतरताना गाडी डोळ्यांसमोर हलली, तर आपण म्हणतो, ‘गाडी सुटली!’ इंग्रजीत ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’, कारण मुद्दा आत्ताचा आहे: फलाट रिकामा, पुढची गाडी बघा. संध्याकाळी घरी तेच सांगताना पुन्हा ‘गाडी सुटली’च, पण आता ‘द ट्रेन लेफ्ट जस्ट अ‍ॅज आय रीच्ड द प्लॅटफॉर्म’. मराठी क्रियापद एकच, इंग्रजीत दोन.

याही पुढे, ‘भूक लागली’, ‘उशीर झाला’, ‘समजलं’, ‘कंटाळा आला’ यांना इंग्रजीत चक्क वर्तमानकाळ लागतो. ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय अ‍ॅम लेट’, ‘आय सी’. फोनवर ग्राहकाला ‘आय अंडरस्टूड’ म्हणणारी मुलं खूप आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, तेव्हा समजलं होतं, आता नाही की काय? तिथे ‘आय अंडरस्टँड’ हवं. म्हणून मराठी क्रियापदाचं शेपूट बघून इंग्रजी काळ ठरवू नये, आधी प्रसंग बघावा.

कळवा_स्लो

+१. ‘आय अंडरस्टूड’ रोज ऐकू येतं.

खारेगाव_टोल

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या दृष्टीने याचं वजन किती?

कोपरी_पूल

बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या दोन्ही भागांत चार निकष असतात, चौघांचं वजन सारखं, आणि त्यातला एक व्याकरणाचा. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला मिळतं. तिथे ‘तुम्ही पाहिलेली एखादी जागा’ अशा धाटणीचा विषय आला तर पहिलं वाक्य परफेक्टमध्ये आणि पुढचा सगळा वृत्तान्त सिंपल पास्टमध्ये. ‘आय हॅव बीन टू एलिफंटा ट्वाइस. द फर्स्ट टाइम वॉज इन २०१८. वुई टूक द बोट फ्रॉम द गेटवे…’ पहिल्या वाक्यानंतर ‘वुई हॅव टेकन’ची माळ लावली की परीक्षकाला ते लगेच कळतं.

लिहिण्याच्या पहिल्या प्रश्नात, परीक्षेचा अ‍ॅकॅडेमिक प्रकार असेल तर, बहुधा आलेख येतो. किमान १५० शब्द, सुचवलेला वेळ २० मिनिटं. लिहायला घेण्यापूर्वी आलेखाच्या आडव्या रेषेवरची सालं वाचा. १९९० ते २०१० असेल तर सगळा सिंपल पास्ट. ‘हॅज रिझन’ तेव्हाच, जेव्हा आकडे आजपर्यंत येतात.

घणसोली_ग

‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ यांत मुलं गोंधळतात, तेही टिपणात घ्या. ‘शी हॅज गॉन टू बेलापूर’ म्हणजे ती गेलीय, अजून परतलेली नाही, आत्ता फोन देता येणार नाही. ‘शी हॅज बीन टू बेलापूर’ म्हणजे जाऊन आली. रिसेप्शनवर यातलं चुकीचं वाक्य बोललं गेलं तर ग्राहक उगाच ताटकळत बसतो.

आणि तिसरं रूप. ‘हॅव वेंट’, ‘हॅज केम’, ‘हॅव रोट’, ‘हॅव टूक’ ही रोजची चार. बरोबर रूपं ‘गॉन’, ‘कम’, ‘रिटन’, ‘टेकन’. ‘कम’ आणि ‘रन’ यांचं तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच होतं, त्यामुळे ‘हॅज कम’ बरोबर असूनही मुलांना चुकीचं वाटतं आणि ती ‘केम’ करून ठेवतात.

सानपाडा_रेघ

ऐकण्याचाही भाग आहे. बोलताना ‘आय हॅव’चं ‘आय्व्ह’ होतं, आणि ‘आय्व्ह सेंट’मधला ‘व्ह’ वेगात जवळजवळ विरून जातो. ऐकणाऱ्याला ‘आय सेंट’ वाटतं. तसंच ‘ही हॅज’ आणि ‘ही इज’ दोन्हींचं ‘हीज’. पुढचं क्रियापद ऐकेपर्यंत थांबायचं: ‘हीज गोइंग’ म्हणजे इज, ‘हीज टेकन’नंतर वस्तू आली तर हॅज. कॉलची टिपणं काढणाऱ्यांना हे सांगून ठेवा.

पामबीच_सकाळ

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १९४७ मध्ये हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: घटना घडली तो, आपण बोलतो तो, आणि जिथे उभं राहून घटनेकडे बघतो तो. सिंपल पास्टमध्ये बघणारा घटनेपाशी मागे जाऊन उभा असतो. परफेक्टमध्ये तो बोलण्याच्या क्षणी, आजमध्ये उभा राहून मागे बघतो. ‘हॅड’मध्ये तो मागे जातो आणि तिथून आणखी मागे बघतो. मास्तरांची ‘केव्हा’ची चाचणी आणि वाशीताईंचा ‘कशाच्या आधी’ हा प्रश्न, दोन्ही यात चपखल बसतात. फळ्यावर एक आडवी रेघ आणि तीन ठिपके काढून मुलांना दाखवता येईल.

आणि मुलांना कमीपणा वाटू देऊ नका. जर्मनमध्येही परफेक्टबरोबर ‘काल’ बिनदिक्कत चालतं. या बाबतीत इंग्रजीच जास्त काटेकोर आहे.

ऐरोली_आठ

सगळ्यांचे मनापासून आभार, टिपण आता दोन पानी होणार. शेवटचं एक विचारतो: आमच्या सिस्टिममधून आपोआप जाणारा मेसेज असा आहे, ‘युअर रिफंड हॅज बीन प्रोसेस्ड ऑन’ आणि पुढे तारीख. कर्मणी रचनेलाही हाच नियम का?

वाशी_खाडीपूल

हो, तोच. तारखेचा रकाना ठेवायचा असेल तर ‘युअर रिफंड वॉज प्रोसेस्ड ऑन’. तारीख नको असेल तर ‘ऑन’सकट रकाना काढा आणि ‘युअर रिफंड हॅज बीन प्रोसेस्ड’वर थांबा. माझ्या मते पहिलं ठेवा, पैसे खात्यात दिसले नाहीत तर ग्राहक बँकेत तीच तारीख दाखवतो. ‘हॅज बीन डिस्पॅच्ड ऑन’, ‘हॅज बीन क्लोज्ड ऑन’ असे आणखी साचे त्याच सिस्टिममध्ये असतील, तेही याच वेळी तपासून घ्या.

ऐरोली_आठ

आहेत, तसले चार आहेत. आजच बदलायला देतो.